गुरुवारच्या पेशी

पडदा सर्रकन बाजूला झाला आणि दिल्लीचं सगळं ऊन प्रयोगशाळेतल्या संपदाच्या टेबलावर येऊन पडलं.

"सॉरी हं, अंधारात स्क्रू दिसत नाही." नोएडाच्या कंपनीतून इन्क्यूबेटर दुरुस्त करायला आलेला चैतन्य चक्क मराठीत बोलला. "डब्यावर 'भडंग' वाचलं म्हणून मराठी. आणि बोटं पिवळी... तुमची हळद कधी?"

"ही कॅन्सरच्या पेशींची हळद," संपदा म्हणाली. "नुसत्या वाढत सुटतात, मोठ्या म्हणून होत नाहीत. या हळदीच्या अर्कानं काही शहाण्या होतात."

"आई मला रोज दुधातून देते. काही फरक नाही, यार."

ती हसली, आणि मापातले थेंब मोजायचे राहून गेले.

साल शहाण्णव, आणि मशीन त्याहून जुनं. सारखं बिघडायचं, म्हणून दर गुरुवारी तो यायचा. गंमत म्हणजे सोमवारी अर्क दिलेल्या पेशी शहाण्या व्हायच्या, गुरुवारच्या मात्र जशाच्या तशा. पीएचडीच्या सरांनी बजावलं, महिनाअखेर आकडे जुळले नाहीत तर विषय बंद. तीन वर्षं पाण्यात.

संपदाला एकच कारण सापडलं, तेही न आवडणारं. तो आला की आपलं लक्ष उडतं.

"तुम्ही येत जाऊ नका," एकदा तिनं सांगून टाकलं.

"मशीनवर रागावलात की माझ्यावर?"

"माझ्यावर."

"अच्छा," म्हणून त्यानं पाना पेटीत ठेवला.

पुढच्या गुरुवारी त्याच्याऐवजी कंपनीतले राजीवजी आले. पन्नाशीचे, तोंडात पान. आल्याआल्या त्यांनीही पडदा बाजूला ओढला. पेशी? तशाच! आता राजीवजींवरही आपलं मन जडलं की काय... संपदाला काही सुधरेना.

रविवारी घरमालकीण इंदुमतीकाकूंनी वरणाचा डाग पडलेली तिची ओढणी गच्चीवर वाळत टाकली. "हळदच ना? ऊन लागलं की उडते गं."

संपदा जागीच थबकली. ऊन. उघडा पडदा. टेबलावरची, त्या-त्या दिवशीच्या ताज्या अर्काची बाटली.

ती कोपऱ्यावरच्या पीसीओत धावली. कंपनीच्या कार्डामागे त्यानं घरचा नंबर लिहून दिला होता.

"अर्क उन्हानं खराब होत होता," ती एका दमात म्हणाली. "पंधरा दिवस आहेत अजून, सगळं पुन्हा करता येईल. तुमच्यामुळे काही नव्हतं. या तुम्ही गुरुवारी."

"म्हणजे... माझा काहीच परिणाम नव्हता?" त्याचा आवाज पडला.

"पेशींवर नव्हता." तिनं फोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली. "माझ्यावर— होता. आहे."

मग तो अगदी हळू म्हणाला, "आज रविवार. गुरुवारपर्यंत थांबायलाच हवं का?"