हत्तिणीला उत्तर सापडेना!

“मामा, दीपगृह सरकलंय!” भिंगरी ओरडली.

“दीपगृहाला काय पाय फुटलेत?” सुकाणू धरून उभे असलेले मामा हसले.

“मग होकायंत्र बघ ना! आपण नाकासमोर दीपगृहाकडे चाललोय. म्हणजे उत्तरेला. आणि हे म्हणतंय ईशान्य!”

मामांनी पाहिलं, काचेवर टिचकी मारली, परत पाहिलं. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

‘हत्तीण’ ही मामांची बोट. बोट कसली, जुनं, ढेरपोटं, पोलादी धूडच ते! एके काळी ती मोठ्या जहाजांना ओढायची. मामांनी घेतली तेव्हा गंजाने तिची चाळण झाली होती आणि सगळा धक्का तिला ‘पत्र्याचा डबा’ म्हणून हसायचा. मामांनी तिच्या पोटाला नवे पत्रे जोडले, इंजिन खोलून पुन्हा बसवलं, अंगावर गर्द हिरवा रंग चढवला. भिंगरी आणि बाकीच्या दोघा मुलांची तर सगळी सुट्टी गंज खरवडण्यात गेली होती. हाताला फोड आले, पण एकानेही कुरकुर केली नाही. हत्तीण मामांची होती तितकीच त्यांचीही होती.

पण आज दुपारी तपासनीस बाई येणार होत्या. मागच्या वेळी त्यांनी होकायंत्रावरूनच बोट नापास केली होती. आणि “पुन्हा नापास झाली तर विकून टाकीन,” असा शब्द मामांनी आपल्या धाकट्या बहिणीला, म्हणजे भिंगरीच्या आईला, दिला होता. आईचंही काय चुकलं? धुक्यात दिशा न कळणाऱ्या बोटीत पोरांना कोण पाठवणार?

“गेल्याच आठवड्यात होकायंत्रवाल्या काकांनी नीट करून दिलं होतं!” मामा चिडले. “शेपट्या, खिसे रिकामे कर! लोखंड घेऊन फिरतोस, म्हणून हे बहकलंय.”

शेपूट म्हणजे भिंगरीचा धाकटा भाऊ. ती जाईल तिथे मागे हजर! त्याच्या खिशांतून नट, बोल्ट, साखळीचा तुकडा आणि दोन चकचकीत पितळी स्क्रू निघाले. सगळा ऐवज दूर नेऊन ठेवला. होकायंत्र जागचं हललं नाही.

“बघ! माझा खिसा निर्दोष आहे!” शेपूट फुरंगटला.

धक्क्याला बोट बांधून मामा स्वच्छ शर्ट शोधायला गेले. जाता जाता बजावून गेले, “होकायंत्राच्या स्टँडला हात लावाल तर याद राखा! कालच वॉर्निश दिलंय!”

“काल?” प्रोफेसरने कान टवकारले. प्रोफेसर म्हणजे इंजिनवाल्या काकांची मुलगी. चष्मा नाकावर, नाक प्रत्येक गोष्टीत! “आणि होकायंत्र बिघडलं आज. शेपट्या, ते पितळी स्क्रू कुठे मिळाले?”

“इथेच. स्टँडखाली पडले होते.”

तिघंही जमिनीवर पालथी पडली. स्टँडच्या आतल्या बाजूला, जिथे वॉर्निशचा ब्रश पोचलाच नव्हता, तिथे दोन आडव्या खुणा होत्या. बोटाएवढ्या लांब, आणि प्रत्येक खुणेच्या मध्ये स्क्रूचं एक भोक!

“इथे काहीतरी होतं!” भिंगरी कुजबुजली.

“काहीतरी नाही, चुंबक!” प्रोफेसर उठून बसली. “बाबा सांगतात, पोलादाची बोट होकायंत्राची सुई आपल्याकडे ओढते. म्हणून खाली चुंबक लावून तिला परत उलटी ओढायची. चुंबक काढले, की संपलं!”

“पण काढले कुणी? आणि गेले कुठे?”

शेपटाला असल्या चर्चेत रस नव्हता. तो आपला बोल्ट भिंतीवरून खडखड फिरवत केबिनच्या पार दुसऱ्या टोकाला निघाला होता. तिथे मामांनी मोठ्या हौसेने हत्तिणीचे दोन फोटो लावले होते, एक गंजलेलीचा, एक रंगवलेलीचा. बोल्ट तिथे पोचला आणि टक्! हातातून सुटून भिंतीलाच चिकटला.

“ताई! भिंतीने माझा बोल्ट खाल्ला!”

भिंगरी धावली. दोन्ही फोटो ज्यांच्याखाली अडकवले होते, त्या काळ्या पट्ट्या बोटाएवढ्या लांब होत्या. मध्ये भोक, आणि एक टोक लाल!

“मामाच चोर!” तिने कपाळावर हात मारला. “होकायंत्रवाले काका समजावत होते तेव्हा हा त्यांना बोट कशी घेतली ते सांगत बसला होता. ऐकलंच नसणार!”

तेवढ्यात धक्क्यावर तपासनीस बाई दिसल्या. मामा स्वच्छ शर्टात, पण पडलेल्या चेहऱ्याने त्यांना घेऊन येत होते. मागे आई होती. आता?

“मी थोपवते त्यांना,” भिंगरी म्हणाली आणि उडी मारून धक्क्यावर पोचली. “बाई, बाई! मामाने ही बोट कशी शोधली, ते विचारलंत का?”

झालं! मामांचा चेहरा फुलला. “अहो, काय सांगू! चिखलात रुतली होती बिचारी...”

आत प्रोफेसरने चुंबक खुणांवर बसवले, लाल टोकं उजवीकडे. हत्तीण बांधलेली असली, की तिचं तोंड नेमकं दीपगृहाकडे असे. सुई फिरली आणि थेट पूर्व दाखवू लागली!

“आणखी बिघडलं!” शेपूट रडकुंडीला आला.

“थांब रे! उलट आहेत.” तिने दोन्ही फिरवले. लाल टोकं डावीकडे. सुई थरथरली, सरकली, आणि उत्तरेवर स्थिरावली.

“स्क्रू! पण पितळीच हवेत. लोखंडी चालायचे नाहीत!”

“आहेत की!” शेपटाने रुबाबात मूठ उघडली.

बाई केबिनमध्ये आल्या तेव्हा तिघंही हाताची घडी घालून उभी होती. बाईंनी बोट पाण्यात न्यायला लावली. दीपगृहाकडे, कारखान्याच्या धुराड्याकडे, पुलाकडे. प्रत्येक वेळी होकायंत्र बरोबर!

“उत्तम,” बाई म्हणाल्या. “पण स्टँडचं वॉर्निश अजून बोटांना लागतंय आणि चुंबक नुकतेच बसवलेले दिसतात. ही भानगड काय आहे?”

भिंगरीने सगळं सांगितलं. मामांचे कान लाल झाले.

“वॉर्निश द्यायला मीच ते काढले. मला वाटलं, कुणाचे तरी उरलेले तुकडे आहेत,” ते हळूच म्हणाले. “फोटोला बरे वाटले. बाई, माझ्या कौतुकापायी मीच तिला आंधळी केली होती!”

“नशीब तुमचं, की तुमचे खलाशी डोळस आहेत!” बाईंनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. “होकायंत्रवाल्या काकांना बोलावून एकदा पुन्हा तपासून घ्या. माझ्याकडून मात्र बोट पास!”

मुलांनी असा आरडाओरडा केला, की धक्क्यावरचे लोक वळून पाहू लागले.  मामा नुसते हत्तिणीच्या कठड्यावरून हात फिरवत राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले.

आई केबिनमध्ये आली. पोरांच्या हातांवरचे फोडांचे वण तिने एकेक करून पाहिले. मग भावाकडे वळली.

“दादा, तुझा शब्द मी तुला परत करते,” ती म्हणाली. “यापुढे ही बोट विकायचं नुसतं नाव काढलंस ना, तर गाठ माझ्याशी आहे!”