ढगातल्या पायऱ्या

त्या वर्षी चंपाषष्ठीला ढग इतके खाली उतरले होते, की कळंबच्या माळामागची खंडोबाची टेकडी अर्धीच दिसत होती. आदल्या दिवसापासून भुरभुर चालू होती. गावानं घरीच भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला. मी मात्र निघालो... वाचनालयातून निवृत्त झालेल्या एकट्या माणसाला कोण अडवणार?

पायथ्याशी काळ्या चिखलात कुणीतरी एका पायावर उभं होतं. डोक्यावर पदर, कमरेवर वांग्यांची दुरडी.

"बघत काय उभं ऱ्हायलाय, कुंडलिकराव? चप्पल काढा की माजी!"

प्रयागबाई. शाळेत मुलींच्या पहिल्या बाकावर बसायची. लग्न होऊन भिगवणला गेली, आणि नवरा वारल्यावर बापाचं रान कसायला परत आली. शाळेत मला तिला जे सांगायचं होतं, ते सांगायचा तेव्हा धीर झाला नाही. आणि आता तर केस पांढरे...

मी कोपरापर्यंत हात घालून चप्पल उपसली. ती हसली — अगदी तेच हसणं.

"ऱ्हाऊ द्या हातातच. अनवाणी जाऊ. पहिली वांगी देवाला... पुढच्या साली कोण आणणार?"

"म्हणजे?"

"संक्रांत झाली की लेक पुण्याला न्यायला येतोय. म्हणतो, आई, रान दे वाट्यानं."

"तुम्हाला जायचंय?"

"न्हाय म्हणायला कायतरी कारण लागतं, कुंडलिकराव. वांगी हायत, हे त्येला पटत न्हाय."

ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली. आणि मी — आयुष्यभर पुस्तकांत बसलेला माणूस — म्हणालो, "पुण्याची हवा बरी असते."

"व्हय का?" एवढंच म्हणून ती चालू लागली.

वर जावं तसा ढग अंगाशी आला. ओल्या गवताचा वास, पापण्यांवर थेंब. लहानपणी याच वाटेवर ती पुढे पळायची आणि वरून ओरडायची, "आलास का, का वाचत बसलास?" तेव्हा टेकडी केवढी उंच वाटायची! आताही वाटत होती, पण कारण गुडघे होते.

भिजलेल्या मुरमावरून तिचा पाय सरकला. मी हात धरला. पुढे वाट चांगली होती... हात मात्र कुणीच सोडला नाही.

देवळाच्या पायऱ्यांशी आलो, तोच वरून ढगातून रामहरी गुरवाचा आवाज आला.

"कोन हाय? नवी जोडी व्हय? आरं, हात धरून काय आणतोस? उचल की नवरीला!"

लग्नानंतर पहिल्यांदा खंडोबाला आलं, की नवऱ्यानं बायकोला उचलून पायऱ्या चढायच्या, ही आमच्याकडची रीत. रामहरीला नुसत्या दोन सावल्या दिसत होत्या, त्यांचं वय दिसत नव्हतं.

प्रयागबाई पदरात तोंड लपवून हसत होती. "सांगा त्येला, चुकलास म्हणून."

मी तोंड उघडलं. पण ते शब्द काही केल्या बाहेर येईनात.

"दुरडी घट्ट धरा," मी म्हणालो आणि चपला खाली ठेवल्या.

"अवो! कंबर मोडंल—"

मी तिला उचललं. एक पायरी चढलो. पाय लटपटले, दोन वांगी घरंगळत ढगात गेली, आणि मी तिला अलगद खाली टेकवलं. अलगद म्हणजे... जमेल तसं.

रामहरी भंडाऱ्याची वाटी घेऊन खाली आला आणि जीभ चावून उभा राहिला.

"आरं देवा, प्रयागाक्का! माफी करा. मला वाटलं, नवरा-नवरी हायत."

"अजून नाही," कुणीतरी म्हणालं. आवाज माझाच होता. "यांना विचारायचंय. पुण्याला न जायला... कारण म्हणून मी चालेन का?"

तिनं वाटीतला चिमूटभर भंडारा घेतला आणि माझ्या कपाळाला लावला. बोटं गार होती.

"एकच पायरी झाली, कुंडलिक," ती म्हणाली. "ऱ्हायलेल्या पुढच्या चंपाषष्ठीला. तवर जरा अंग धर."