बाविसाव्या पातळीवरून परत

पर्थहून दिवसभर गाडी हाकली की वंडारी येतं. तिथल्या सोन्याच्या खाणीत ई-मेलचा सगळा कारभार नेरिडा बिलिच पाहायची. तिचा बाप याच खाणीत खपला होता आणि धाकटा भाऊ मातो अजून खाली ड्रिल चालवत होता. नेरिडा मात्र वर ऑफिसात, थंड हवेत बसायची.

तिच्या समोरचं टेबल शेरिलचं. शेरिलकडे कामगारांची सुरक्षा. काम सुरू व्हायच्या आधी ती 'खालचे सगळे' या पत्त्यावर एक मेल टाकायची. पत्ता एकच, पण त्यामागे खाली उतरणाऱ्या प्रत्येकाचं नाव होतं. सर्व्हर त्या एका मेलच्या तेवढ्या प्रती काढून एकेकाला पोचवायचा. जी पोचली नाही तिची सूचना उलट यायची. कोणाला पोचली नाही, का नाही, आणि कुठल्या मशीननं परत पाठवली, हे त्यात असायचं. खाणीत माणसं टिकत नसत, त्यामुळे अशा सूचना नेहमीच्याच. चहा पिता पिता नेरिडा गेलेल्यांची नावं पुसून टाकायची.

"बरं आहे बाई तुझं," शेरिल म्हणायची. "नुसतं खोडायचं."

"आणि तुझं काय? नुसतं हेल्मेट घाला, हेल्मेट घाला."

एका सकाळी आलेल्या सूचनेत माणसाचं नावच नव्हतं. ती जागा कोरी होती. कारणाच्या ओळीत लिहिलं होतं, 'येथे नाही. वर पाठवले आहे.' आणि परत पाठवणाऱ्या मशीनचं नाव होतं २२.

मशीनना पातळ्यांचीच नावं होती. प्रत्येक पातळीवर जेवणाची खोली होती आणि त्या खोलीत मेल वाचायचं एक मशीन. पण बावीस ही सर्वांत खालची पातळी नेरिडा नोकरीला लागायच्या आधीच कायमची बंद झाली होती. तिथे मशीन कधी नव्हतंच. पाणी भरलं म्हणून ती बंद केली, असं कंपनी सांगे. जुनी माणसं म्हणत की आधी बंद केली, पाणी नंतर सोडलं.

कुणाचा तरी चावटपणा असणार, असं नेरिडानं धरलं. तिनं यादी वरपासून खालपर्यंत तपासली. कोरं नाव कुठेच नव्हतं. सर्व्हरच्या नोंदीत मात्र प्रत बाहेर गेलेली होती, आणि पलीकडून कुणीतरी ती घेऊन उत्तरही दिलं होतं.

पुढची सूचना सतरा नंबरच्या मशीनकडून आली. मजकूर तोच. 'येथे नाही. वर पाठवले आहे.'

त्याच सकाळी सतराव्या पातळीवर ओवेननं सेमिसीला मारलं. दोघं कित्येक वर्षांचे जोडीदार. ओवेनची बायको डबा द्यायची तो दोघांना पुरेल असा. खोलीत ओवेन मशीनसमोर बसला होता. तो उठला, सैल दगड पाडायची लोखंडी पहार त्यानं उचलली आणि पाठमोऱ्या सेमिसीच्या गुडघ्यांवर घातली. तो पडल्यावर हातांवर घातली. मग तोंडावर. चौघांनी मिळून ओवेनला ओढलं तेव्हा तो हसत नव्हता, ओरडत नव्हता. काम करावं तसा घाव घालत होता. सेमिसीला पर्थला नेणारं विमान धावपट्टीवर उभं होतं, पण तो तिथवरही जगला नाही.

खाणीचा मॅनेजर गॅव्हिन पोलिसांबरोबर खाली जाऊन आला आणि बराच वेळ नळाखाली हात धूत उभा राहिला. मग त्यानं शेरिलला सांगितलं, की मारामारीबद्दल कडक शब्दांत लिही.

शेरिलनं लिहिलं. मेल गेली. नेरिडा पडद्याकडे पाहत बसली होती, आणि सूचना आली. बारा.

बाराव्या पातळीवर मातो होता.

तिनं तिथला फोन लावला. बराच वेळ घंटा वाजली, मग कुणीतरी फोन उचलला. बोललं कुणीच नाही. दगडावर ओलं कापड आपटावं तसा आवाज येत होता. थांबायचा, पुन्हा यायचा. मध्येच एकदा कुणीतरी मातोला हाक मारली, बारीक आवाजात, विनवावं तशी. त्यानंतर नुसतं आपटणं.

ती हाक क्लिंटची होती. मातोच्या लग्नात करवल्यासारखा मिरवलेला क्लिंट. मातोनं त्याचं डोकं केसांना धरून टेबलाच्या कडेवर आपटलं होतं. पोलिसांनी शेवटी प्रेत दाखवलं तेव्हा क्लिंटच्या आईनं त्याला पायांवरून ओळखलं.

नेरिडा चौकीत भावाला भेटली. त्याच्या बोटांना पट्ट्या होत्या. क्लिंट कसा आहे, असं त्यानं विचारलं.

"मी मेल वाचत होतो गं," तो म्हणाला. "एवढंच आठवतं. मग सगळ्यांनी मला धरलं होतं."

"मेलमध्ये काय होतं, मातो?"

"मला विचारलं, मी इथे आहे का."

"आणि तू काय म्हणालास?"

"आहे म्हणालो."

नेरिडा तडक गॅव्हिनकडे गेली. सूचना छापून त्याच्यासमोर ठेवल्या. बावीस, सतरा, बारा. ते वर येतंय, ती म्हणाली, आणि हे शब्द तोंडातून निघाल्यावर तिला स्वतःलाच लाज वाटली. गॅव्हिन चिडला नाही. तुझ्या भावाचं दुःख मला कळतं, घरी जा, आठवडाभर येऊ नकोस, एवढंच तो हळू आवाजात म्हणाला.

ती घरी गेली नाही. जागेवर येऊन तिनं 'खालचे सगळे' ही यादीच सर्व्हरवरून काढून टाकली. यादी नाही तर प्रती निघणार नाहीत. प्रती नाहीत तर उत्तर यायला वाट नाही. तिनं चहा करून घेतला.

शेरिल आत आली ती रडून. मागे दार लावून घेऊन ती टेबलाशी बसली, टाइप केलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"पत्ताच नाही म्हणतंय. तू काढलास?"

"आज नको पाठवूस शेरिल. माझ्यासाठी."

"अगं, उद्या क्लिंटला पुरायचंय. कुठे जमायचं ते कळवायला नको?" तिनं नाक पुसलं. "पाठवली मी. कंपनीच्या यादीवर टाकली, सगळ्यांनाच जाईल."

कंपनीच्या यादीत ऑफिसही होतं.

नेरिडा पडद्याकडे पाहत राहिली. सूचना आली नाही. शेरिल समोर बसून शोकसभेची फुलं मागवत होती. खिडकीबाहेर लाल मातीवर ऊन पसरलं होतं, एक ट्रक हळूहळू तोलकाट्यावर चढत होता. तरीही सूचना नाही.

नेरिडानं सुस्कारा सोडला.

तेवढ्यात एक मेल आली. पाठवणाऱ्याची जागा कोरी होती. तिनं ती उघडली.

नंतर पडद्यावर दुसरंच काहीतरी होतं. एकच ओळ होती. 'पोचले.'

खिडकीतलं ऊन भिंतीवर सरकलेलं होतं. ट्रक नव्हता.

बाहेरून कुणीतरी दार ठोठावत होतं. गॅव्हिनचा आवाज. तो तिचं नाव घेत होता, मग शेरिलचं, मग पुन्हा तिचं. दाराला आतून कपाट लावलेलं होतं.

शेरिलला सांगावं म्हणून नेरिडा वळली. समोरची खुर्ची आडवी पडली होती. टेबलामागून एक पाय दिसत होता, बूट नसलेला.

तिचे खांदे दुखत होते, दिवसभर कष्ट केल्यासारखे.

जिभेखाली काहीतरी टोचत होतं. तिनं दोन बोटांनी ते काढून तळहातावर घेतलं. शेरिलच्या कानातलं होतं, फिरकीसकट.