बुद्ध्यांक शहात्तर

"अहवाल खोटा आहे," आत्याबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

त्यांच्या भाचीचा बुद्ध्यांक शहात्तर आला होता आणि शाळा तिला मंदबुद्धी मुलांच्या शाळेत धाडणार होती. आईबाप नसलेली ही पोर आत्याबाईंनीच वाढवलेली. महिनाभर पायऱ्या झिजवूनही कुणी दाद देईना, तेव्हा त्यांनी खासगी गुप्तहेर बाईंचं दार गाठलं होतं.

शेजारी भाची वर्तमानपत्राचा मथळा अक्षरं जुळवत वाचत होती. पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे प्रत्येक 'स'ला शीळ वाजत होती.

बाईंचे सहकारी मास्तर, निवृत्त गणितशिक्षक. त्यांचा संशय अहवाल टंकणाऱ्या टंकलेखिकेवर होता. पण तिच्या कागदात काना-मात्रेचीही चूक सापडेना. वर्गशिक्षिका म्हणाल्या, पोरगी गुणी आहे, पण वर्गाच्या मागे फरफटत येते. चाचणी घेणारे मानसतज्ज्ञ तर उखडलेच. त्यांनी उत्तरपत्रिका पुढे आपटली. साठपैकी एक्केचाळीस बरोबर. मास्तरांनी दोनदा मोजली, तेवढीच भरली.

"उत्तरं तिची, गुण ताडायचा नऊ वर्षांच्या मुलांचा तक्ता छापील," मानसतज्ज्ञ म्हणाले. "यात मी काय केलं?"

"सगळेच खरं बोलतायत," परतताना मास्तर वैतागून म्हणाले. "मग खोटं आहे कुठे?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी आत्याबाईंना बोलावलं आणि भाचीला विचारलं, "बाळ, तुझं वय किती?"

"घरचं सांगू की शाळेतलं?"

आत्याबाईंचा चेहरा उतरला.

"बुद्ध्यांक म्हणजे नुसती बरोबर उत्तरं नव्हेत," बाई म्हणाल्या. "त्याच वयाच्या मुलांशी ती ताडून पाहतात. एक्केचाळीस उत्तरं नवव्या वर्षी फार कमी. पण नऊ वर्षांच्या मुलीचे पुढचे दात केव्हाच आलेले असतात. ही फार तर सातची. उत्तरपत्रिका, टंकलेखन, तक्ता, सगळं बरोबर निघालं. राहिलं ते वय. शाळेच्या अर्जावर ते कुणी भरलं?"

"मीच." आत्याबाई म्हणाल्या. "मला कामावर जावं लागे. हिला सांभाळायला कुणी नव्हतं. वय कमी म्हणून शाळा घेईना, तर दोन वर्षं वाढवली. त्याचा इथे संबंध येईल हे मला काय ठाऊक!"

मास्तरांनी सात वर्षांच्या तक्त्यावरून बोट फिरवलं. बुद्ध्यांक अठ्ठ्याण्णव. चारचौघींसारखी.

महिनाभर आत्याबाई जगाशी भांडल्या होत्या. आता भांडायला कुणी उरलं नव्हतं. खरं सांगितलं तर काय होईल, असं त्यांनी विचारलं. बाईंनी आडपडदा ठेवला नाही: पोरीला दोन इयत्ता खाली बसवतील, आणि तुम्हाला चार माणसांत बोल लावतील.

आत्याबाईंनी मास्तरांकडे कोरा कागद मागितला.

"अर्ज मुख्याध्यापिकांच्याच नावे लिहायचा ना?"