पायाळूचे डोळे

त्या चैत्रात जानेफळच्या पंजाबरावाला सोनं हवं होतं, आणि सोन्यासाठी त्याला आपल्या विधवा वहिनीचे पाय हवे होते!

गोजरबाई पायाळू होती. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेली. अशा माणसाला जमिनीखालचं धन दिसतं, असं आपल्याकडे चांगली शहाणीसुरती माणसं छातीठोकपणे सांगतात. गोजरबाईच्या कानावर हे पाळण्यातून पडत आलं होतं. बाप म्हणायचा, "हिचा जन्म मोठ्या कामासाठी झालाय." म्हणून भाऊ शाळेत गेले आणि ही घरी राहिली; पाय आहेत, तर अक्षरं कशाला? सासऱ्यानंही मुलगी पाहिली ती घोट्यापर्यंतच. पण ते मोठं काम काही येईना. कुणाच्या कमरेत लचक भरली की तिथे पाय लावायचा, एवढाच त्या पायांचा गावाला उपयोग झाला. नवरा गेला आणि मागे राहिला विहिरीकाठचा दीड एकर मळा. तिथे ती बारा वर्षं वांगी, मिरची, कोथिंबीर पिकवत होती. बोलावणं येईपर्यंत दिवस ढकलायचे म्हणून! चौतीस वर्षांची धडधाकट बाई नुसती वाट पाहत होती, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

बोलावणं आलं ते धमकी घेऊनच.

"वहिनी, बोथ्याच्या जंगलात हंडा हाये," पंजाबराव म्हणाला. "तुम्ही फक्त जागा दाखवा. मळा जलमभर तुमचा. नाही दाखवली, तं आखाजीले मी तो बटईनं देऊन टाकतो."

म्हणजे अक्षय तृतीयेला मळा दुसऱ्या कुणाला वाट्यानं कसायला जाणार होता. मळा कागदोपत्री दिराच्या नावावर कधीच गेला होता. विधवेला विचारतो कोण! गोजरबाई संतापली. पण खरं सांगायचं तर त्या संतापाच्या तळाशी आनंदही होता. अखेर तिची गरज कुणाला तरी पडली होती.

चौघं निघाले. पंजाबराव, गोजरबाई, तिच्या सोबतीला तिचे मामा भगवानराव, ज्यांनी तरुणपणी ते जंगल पालथं घातलं होतं आणि ज्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती, आणि चौथा दुसरबीडचा रंगराव. हा स्वतःला मंत्रतंत्राचा जाणता म्हणवायचा. हंड्याचा जुना कागद त्याच्याचकडे होता. तो कागद वाचायचाही त्यानंच, बाकीच्यांनी नुसती मान डोलवायची.

त्यांचा बैलांचा छकडा अमडापूरवरून दोन दिवसांनी जंगलाच्या नाक्यावर पोचला. सापडलेलं धन नागपूरचं सरकार उचलून नेतं हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून मामांनी नाकेदाराला सांगितलं, "डिंक जमा कराले चाल्लो." नाकेदारानं चौघांकडे पाहिलं, हसला आणि बांबू वर केला. असले डिंकवाले त्यानं पुष्कळ पाहिले असावेत.

जंगल त्या दिवसांत निष्पर्ण उभं होतं. सागाची मोठमोठी पानं वाळून खाली पडलेली, सालईच्या पांढरट खोडांवरून ऊन घसरत होतं, आणि मधूनच एखादा पळस पेटल्यासारखा दिसत होता. नाले कोरडे ठणठणीत. मोरांचं ओरडणं दूरवरून यायचं आणि पुन्हा सगळं गप्प व्हायचं. छकडा नाक्यावर सोडून सकाळच्या त्या शांततेत चालताना गोजरबाईला वाटलं, आपल्याला इथेच यायचं होतं.

डोंगराच्या पायथ्याशी रंगरावानं हात वर केला.

"थांबा! आता चामडं वर नेता येत नाही. हंड्यावर भुजंग बसला हाये. चामड्याचा वास आला का तो धन पाताळात ओढते. वहाणा काढा!"

वहाणा निघाल्या. मग त्याची नजर पाण्याच्या छागळीवर गेली. तीही बकऱ्याच्या कातड्याची! मग मामांच्या बंदुकीवर. बंदुकीच्या दारूची पिशवी चामड्याची आणि पट्टाही चामड्याचा.

"अरे, डोक्यावर पडला काय बे?" मामा कडाडले. "बोथ्याच्या जंगलात बंदूक ठेवून जाऊ? अस्वलाले काय रामराम घालू?"

"मामा, आता हंड्यापाशी येऊन इघ्न आणू नका," पंजाबराव म्हणाला. सोन्याच्या नादी लागलेल्या माणसाला बंदूकही विघ्न वाटते! वहाणा, छागळ, बंदूक सगळं एका मोहाच्या झाडाखाली राहिलं. बरोबर घेतलं एक मातीचं मडकं, तेही अर्धंच भरलेलं, आणि मामांची कुऱ्हाड. त्यावर कडी म्हणजे रंगरावानं गोजरबाईच्या डोळ्यांवर फडकं बांधलं.

"काऊन?" तिनं विचारलं.

"पायाळूले डोळ्याचं काय काम? पायानं पाहा."

अनवाणी पायांनी, डोळे बांधून, चैत्राच्या उन्हात बाईला डोंगर चढवला त्या शहाण्यांनी! बोरीचा काटा टाचेत शिरला. तापलेला दगड तळव्याला चिकटला. ती ठेचकाळली की रंगराव मागून विचारी, "काही दिसलं काय?" दोन वेळा तिनं दात खाऊन "नाही" म्हटलं. तिसऱ्या वेळी तिनं फडकं उपटलं आणि खाली दरीत भिरकावलं.

"दिसलं," ती म्हणाली. "तुह्या डोक्यात भुसा दिसला."

माथ्यावर मात्र कागद खरा निघाला. दोन प्रचंड कातळांच्या मधे एक काळी कपार होती आणि कागदात सांगितल्याप्रमाणे कातळावर कुणीतरी कोरलेला चंद्र होता, सूर्य होता. धन दिसावं म्हणून रंगरावानं डबीतलं अंजन तिच्या डोळ्यांत घातलं. गोजरबाई कपारीसमोर उभी राहिली आणि तिनं रक्ताळलेले पाय जमिनीवर घट्ट रोवले. आता! जन्मभर ज्याची वाट पाहिली ते आता दिसेल! अंजनानं डोळे चुरचुरले, पाणी आलं. खाली होती ती जमीन. दगड, माती, थोडा पालापाचोळा.

ती बराच वेळ उभी राहिली. मग तिला रडू फुटलं. ते दुःखाचं होतं की रागाचं हे तिलाही कळलं नाही.

"काहीच नाही," ती म्हणाली. "मले काहीच दिसत नाही. कधीच दिसत नव्हतं."

"खोटं!" पंजाबराव ओरडला. "मळा पाह्यजे ना? मंग सांगा!"

"आत गेल्यावर दिसंन," रंगराव म्हणाला. "जा बाई, आत जा."

गोजरबाईनं डोळे पुसले आणि कपारीच्या तोंडाशी वाकून पाहिलं. माती नखांनी ताजी उकरलेली होती. दगडाच्या कडेला लांब काळे केस अडकले होते. आतून घाण वास येत होता.

"भाऊजी, मांगं सरा. आत जनावर हाये."

"भुजंग! मी म्हनत नव्हतो!" रंगराव म्हणाला.

पंजाबरावानं तिला बाजूला ढकललं आणि स्वतःच आत शिरला.

एक किंकाळी! मग असा आवाज आला की कातळ हादरला. पंजाबराव पाठमोरा बाहेर फेकला गेला आणि त्याच्यामागून अस्वलीण आली. काळी, झिपरी, मागच्या दोन पायांवर उभी! रंगरावाच्या डोक्यावरचं मडकं खाली पडून फुटलं आणि रंगराव कुठे गेला ते कुणी पाहिलं नाही. अस्वलिणीनं पंजा मारला. पंजाबरावाचा खांदा फाटला. मामा कुऱ्हाड दगडावर आपटत धावले. "हाऽऽड! हाऽऽड!" गोजरबाईनं मूठभर माती अस्वलिणीच्या तोंडावर फेकली, दिराचं धोतर दोन्ही हातांनी धरलं आणि खेचलं. पुन्हा पंजा! हुकला! पायाखालचे दगड सुटले. तिघंही घसरले, आदळले, गडगडले, आणि डोंगराच्या पलीकडच्या बाजूला एका कोरड्या नाल्यात येऊन पडले.

वर अस्वलीण दोनदा गुरगुरली आणि परत फिरली. तिच्या पाठीवर दोन पिल्लं चिकटलेली होती. तीही बिचारी स्वतःच्या घराच्या दारात उभी होती.

गोजरबाईनं पदर फाडून खांदा बांधला. रक्त थांबलं, पण ऊन थांबेना. भर दुपार. पाणी, वहाणा, बंदूक सगळं डोंगराच्या त्या अंगाला, मोहाच्या झाडाखाली अगदी सुखरूप! पंजाबरावाला उभं राहवेना. त्याचे ओठ पांढरे पडले, जीभ टाळूला चिकटली.

"मी वळसा घालून छागळ आणतो," मामा म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या फुटलेल्या तळव्यांकडे पाहिलं. "पण यायले दिवस मावळते. हा तवर टिकत नाही, गोजरा."

पंजाबरावानं तिचे पाय धरले. खरंच धरले!

"वहिनी… तुमच्या पायाले इचारा. पानी कुठी हाये? तुम्ही पायाळू…"

मग मात्र गोजरबाईचा बांध फुटला.

"पायाले इचारू? हे पाय पाहा! चाळणी केली तुम्ही यांची! चौतीस वर्षं जो तो सांगून राह्यला, मोठ्या कामासाठी जन्मली. कोन्तं काम? कोनं ठरवलं? माह्या बापानं पाय पाह्यले, सासऱ्यानं पाय पाह्यले, तुम्हीबी पायच पाह्यले. अरे, वर मानूस हाये! मले हात हायेत, डोळे हायेत. ते एकानं तरी पाह्यले काय?"

ती रागानं पाठ फिरवून नाल्यातून चालू लागली. ओरडून घसा कोरडा पडला होता आणि तिला स्वतःलाही तहान लागली होती. राग डोक्यात मावत नव्हता म्हणून ती आजूबाजूला पाहू लागली. पन्नासएक पावलांवर तिला वाळूत हिरवी पाती दिसली.

लव्हाळा!

मळ्यातलं तिचं सात जन्मांचं वैर. वरून कितीही उपटा, खालच्या गाठीतून पुन्हा वर. बारा वर्षं त्याला शिव्या घालत तिनं खुरपं चालवलं होतं. त्या शिव्याशापांत एक गोष्ट तिच्या अंगवळणी पडली होती: चैत्रात लव्हाळा हिरवा असेल तर खाली ओल असतेच. इथे रानडुकरांनी गाठींसाठी वाळू उकरली होती. उकरलेली वाळू कडेला पांढरी होती, मधे काळसर.

तिनं वाकून मूठभर वाळू नाकाशी धरली.

"मामा! कुऱ्हाड आना! बिगीनं!"

मामांनी कुऱ्हाडीनं उकरलं, तिनं हातांनी उपसलं. हातभर खाली वाळू थंड लागली. दोन हातांवर गोळा होऊ लागली. नखं फाटली. खड्ड्याची कड ढासळली. पुन्हा उपसा! पुन्हा! अडीच हातांवर तळाशी काहीतरी चकाकलं आणि हळूहळू पसरलं.

पाणी!

गढूळ होतं. तिनं पदराच्या उरलेल्या तुकड्यातून गाळलं आणि पहिली ओंजळ पंजाबरावाच्या तोंडात ओतली. दुसरी मामांना. तिसरी स्वतः प्यायली, आणि खड्ड्याशेजारी फतकल मारून बसली. झिरा भरत होता. तिच्या हातांनी काढलेलं पाणी. कुणी सांगितलेलं नाही, कोणतं अंजन घातलेलं नाही. आपण ज्या कामात दिवस ढकलत होतो तेच आपल्याला येतं, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. तिला फार आनंद झाला आणि गेलेल्या वर्षांची भयंकर चीडही आली.

पाण्याचा सुगावा लागून रंगराव झुडपातून बाहेर आला. "पाह्यलं? माह्या मंत्रानं…"

"तोंड बंद," गोजरबाई म्हणाली. "पहिले उपस, मंग पे."

तो मुकाट्यानं उपसू लागला. आता त्याच्यावर वहाणा आणि छागळ आणायची कामगिरी आली, आणि मामांची कुऱ्हाड पाहून त्यानं नाही म्हटलं नाही. ऊन कलताना तो सगळं घेऊन आला. बंदूक पाहताच पंजाबरावाच्या डोळ्यांत पुन्हा ती चमक आली.

"वहिनी, चंद्रसूर्य खरा निघाला ना? तं हंडाबी खरा असंन. आता बंदूक हाये. मामा अस्वलीण मारतीन…"

"तिची पिल्लं हायेत."

"पण मळा…"

"मळा मी सोडत नाही," ती वहाणा पायात अडकवत म्हणाली. "हंड्यासाठीबी नाही, अन् तुमच्या शब्दासाठीबी नाही. तो मीच कसला, अन् मीच कसणार. उठा, छकडा गाठाचा हाये."

मामांनी बंदूक खांद्याला लावली आणि ते चालू लागले. मागे डोंगर तसाच उभा राहिला. त्याच्या पोटात हंडा होता की नव्हता, देव जाणे.

गावी पोचल्यावर पंजाबरावानं पारावर बसून सांगायला सुरुवात केली, की वहिनीच्या पायांनी पाणी दाखवलं. गोजरबाई वांग्यांची टोपली घेऊन तिथूनच चालली होती. तिनं भर पारावर टोपली खाली ठेवली.

"पायानं नाही. लव्हाळ्यानं. कोनाले शिकाचं असंल तं मळ्यात या, दाखवतो. आन् भाऊजी, आखाजीले बटईदार धाडा. मी बांधावर उभी हाये."

पंजाबरावाचा हात गळ्यात बांधलेला होता. पारावरचे सगळे त्याच्याकडे पाहत होते, कारण ओंजळीची गोष्ट मामांनी आधीच गावभर केली होती. आखाजी आली नि गेली. बटईदार काही आला नाही.

पुढच्या माघात साखरखेर्ड्याहून दोन पागोटी मळ्याच्या बांधावर उतरली. त्यांच्या गाडीत गादी अंथरलेली होती आणि हातात नवा कागद होता. यांचा हंडा पहिल्यापेक्षा मोठा!

"बाई, चला," थोरलं पागोटं म्हणालं. "पायाळू मानूस मिळत नाही आजकाल. अशी संधी जलमात एकदा येते."

गोजरबाई चिखलात उभी होती. मोटेचं पाणी पाटातून खळाळत येत होतं आणि वांग्यांचा वाफा काठोकाठ भरत आला होता.

"मले वेळ नाही," ती म्हणाली, आणि फावड्याच्या एका घावात तिनं पाणी मिरचीकडे वळवलं.