सांधलेला आवाज

राज्यातल्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारा काढायला सुरुवात झाली, तेव्हा देवरुखच्या हेमलता शेट्ये यांनी तार कापायला आलेल्या माणसाला चहा पाजला आणि तार मात्र कापू दिली नाही. माणूस भला होता. त्याने महिनाभराची मुदत दिली आणि पुढचं सगळं त्यांच्या मुलीच्या गळ्यात पडलं.

मुलगी ऋजुता नाशिकला शाळेत भूगोल शिकवायची. मुलगा निनाद मालवाहू जहाजावर इंजिनियर होता; वर्षातले बरेच महिने तो समुद्रात असे आणि तिथे घरचा फक्त आवाज पोचे. आई एकटी. शिवणकामाने निबर झालेली तिची बोटं मोबाइलच्या काचेला कळत नसत, त्यामुळे तिला दिवाणखान्यातला जुना फोनच हवा होता. आता त्याच्यामागे तारेऐवजी इंटरनेटचा डबा बसणार होता. कुठल्या कंपनीचा डबा घ्यायचा एवढंच ठरवायचं होतं, आणि ते एका रविवारचं काम आहे अशी ऋजुताची समजूत होती.

इंटरनेटवरून आवाज सलग जात नाही. वाण्याने पोत्यातल्या साखरेच्या पुड्या बांधाव्यात तसे त्याचे बारीक तुकडे होतात आणि प्रत्येक पुडी आपापल्या वाटेने निघते. काही उशिरा येतात, काही येतच नाहीत. पूर्वी अशा ठिकाणी ऐकणाऱ्याला नुसती शांतता ऐकू येई. त्या वर्षी त्यावर एक उपाय निघाला होता. त्याला 'सांधणी' म्हणत. डब्यातलं यंत्र बोलणाऱ्याचा आवाज, त्याच्या लकबी, त्याची नेहमीची वाक्यं शिकून घेई आणि हरवलेल्या पुडीच्या जागी हुबेहूब तशीच नवी पुडी करून ठेवी. कुठे जोडलंय ते कानाला कळत नसे. किती सांधायचं ते गिऱ्हाइकाने ठरवायचं होतं. मुळीच नाही, तुटक्या शब्दापुरतं, किंवा मग 'अखंड'.

ऋजुताने आधी सांधणी नसलेली सेवा लावून पाहिली. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "तू मध्येच गप्प होतेस गं. मला वाटतं रडतेयस."

"नाही आई, लाइन तुटते."

"मग न तुटणारी घे ना. माझा जीव वरखाली होतो."

निनादचंही तेच म्हणणं पडलं. "ताई, अखंड घे आणि मोकळी हो. जहाजावरून मला आईची निम्मी वाक्यं कळत नाहीत."

ऋजुताने अखंड घेतली. पहिल्याच संध्याकाळी आईचा आवाज इतका स्वच्छ आला की तिला बरं वाटलं, आणि फोन ठेवल्यावर उगाचच काळजीही वाटली. काळजीचं कारण शेट्यांच्या घरातल्या एका जुन्या रीतीत होतं. फोनवर दुखणं सांगायचं नाही. वडिलांनी एसटीडीच्या काळात घातलेला हा दंडक होता; लांबचं माणूस ऐकून काय करणार, नुसतं तळमळणार, असं ते म्हणत. वडील गेले तरी रीत राहिली. अंगात ताप असला तरी आई फोनवर मजेत असे. त्यामुळे ऋजुता आईचे शब्द कधी फारसे मनावर घेतच नसे. ती आवाज ऐके. तो जड लागला की शेजारच्या जोगळेकरांना फोन करून खरं काय ते काढून घेई.

आता आवाज जड लागतच नव्हता. थंडी पडली. दर थंडीत आईला खोकला होई, यंदा एकदाही ऐकू आला नाही. ऋजुताने स्वतःची समजूत घातली की औषध लागू पडलं असेल. पण मग आईची सुरतची मावसबहीण वारली आणि ऋजुताने पहिल्यांदाच रीत मोडली.

"आई, कमलमावशी गेली गं."

"हो का? छान," आई प्रसन्नपणे म्हणाली. "बाकी सगळे मजेत ना?"

ऋजुताने फोन ठेवला. जोगळेकर मंडळी मुलाकडे मुंबईला गेलेली, त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. सकाळी शाळेत न जाता ती कंपनीच्या कचेरीत पोचली. तिथल्या ध्वनितज्ज्ञ समीना मुजावर तरुण होत्या आणि मनापासून ऐकत होत्या.

"बोलणं आम्हाला ऐकता येत नाही, मॅडम. सांधणी किती झाली तेवढं दिसतं," त्यांनी पडद्यावर एक रेघ काढून दाखवली. रेघ बरेच आठवडे तळाशी सरपटत होती आणि एका ठिकाणी सरळ वर चढली होती. "गेल्या मंगळवारपासून जवळजवळ सगळंच सांधलेलं आहे."

"म्हणजे लाइन बिघडली?"

समीनांनी दुसरी एक खिडकी उघडून पाहिली. "लाइन उत्तम आहे. सगळ्या पुड्या वेळेवर पोचताहेत."

"मग यंत्र काय सांधतंय?"

"यंत्राला तुमच्या आईंचा आवाज पाठ आहे. आलेला आवाज त्याच्याशी जुळला नाही, तर वाटेत खराब झाला असं ते धरतं आणि दुरुस्त करतं. खोकला, घोगरेपणा, हे सगळं त्याच्या लेखी खरखर." समीनांनी रेघेच्या चढावर बोट ठेवलं. "आणि शब्द ओळखूच आले नाहीत तर ही व्यक्ती एरवी काय म्हणते, ते घालतं."

"आई फोनवर एरवी फक्त चांगलंच बोलते," ऋजुता म्हणाली. "आम्ही सगळेच."

"तुम्ही आजच गावी जा," समीना हळूच म्हणाल्या.

देवरुखला दार स्वयंपाकाच्या सुगंधाबाईंनी उघडलं. आई खुर्चीत बसली होती. तिच्या तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली होती आणि उजवा हात मांडीवर नुसता पडून होता. ऋजुताला पाहून ती काहीतरी म्हणाली. त्यातलं एक अक्षर कळलं नाही.

"मी म्हटलं बाईंना, ताईंना कळवा," सुगंधाबाई रडवेल्या झाल्या. "तर रोज तुमच्याशी बोलतातच की फोनवर. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे."

डॉक्टर म्हणाले, पक्षाघात आहे. समज शाबूत आहे, जीभ वळत नाही. लगेच आणलं असतं तर पुष्कळ वाचलं असतं. हे वाक्य ऋजुता पुढे कधीच विसरली नाही. उपचार घेऊन आई घरी आली, पण आता तिला एकटं ठेवायचं कसं? ऋजुताने नाशिकला न्यायचं ठरवलं. निनाद जहाजावरून अडून बसला. "हे घर सोडायचं नाही असं आईनेच मला सांगितलंय. तिच्या मर्जीविरुद्ध हलवायचं नाही. तिलाच विचारू."

"तिला बोलता येत नाही, निनाद."

"कालच बोललो की मी तिच्याशी."

ऋजुताने त्याला सांधणीचं सगळं सांगितलं, पण त्याला ते पटेना; आणि उपचारांच्या धावपळीत ती बंद करायचीही राहून गेली होती. तिने आईच्या हातात रिसीव्हर दिला, स्वतः मोबाइलवरून त्याच संभाषणात शिरली आणि आवाज घुमू नये म्हणून ओटीवर उभी राहिली. उघड्या दारातून आई समोर दिसत होती.

"आई, ताईबरोबर नाशिकला जायचंय का तुला?" निनादने विचारलं.

आईने डोळे घट्ट मिटले. मान ताणून, सगळा जीव ओठांत आणून तिने शब्द काढले. ते वेडेवाकडे होते, पण दारातून ऋजुताला समजले. "मला ने. भीती वाटते."

मोबाइलमधून आईचा प्रसन्न, मोकळा आवाज आला. "मी इथे अगदी सुखात आहे रे. तुम्ही आपापलं सांभाळा."

"ऐकलंस ना?" निनाद म्हणाला.

ऋजुता धावत आत गेली आणि तिने डब्यावरची सांधणी बंद केली. "आता ऐक. आई, पुन्हा सांग त्याला."

आईने पुन्हा सांगितलं. या वेळी तिला घाम फुटला. एकेक शब्द तिने दोनदा म्हटला.

"ताई, लाइन गेली," निनाद म्हणाला. "नुसती घरघर येतेय. आत्ता इतकं छान बोलत होती. तू काय केलंस? ते आधी होतं तसं करून दे."

रिसीव्हर आईच्या कानाशीच होता. तिने सगळं ऐकून घेतलं. मग डाव्या हाताने तो हळूच खाली ठेवला आणि नंतर ऋजुताने कितीही विनवलं तरी ती बोलली नाही.