मावशीच्या ओठांची रेघ

मोबाईल ठेव खाली. ऐकून झाल्यावर पाणी प्यायला एकटा उठणार नाहीस, लिहून देतो.

आमच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर माझे जुने दोस्त. त्यांच्या बाबतीत घडलेलं आहे. गेल्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. त्यांच्या मावशीच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, बोलावलं म्हणून मास्तर रंगांची पेटी घेऊन गेले. मावशी जाऊन वर्ष झालं होतं. मास्तरांच्या हातात पहिला ब्रश तिनंच दिलेला.

जाण्याआधी तिनं स्वतःचं चित्र काढलं होतं. अर्धा चेहरा हिरवा, एक डोळा दुसऱ्याच्या दुप्पट, तोंडाच्या जागी काळी सरळ रेघ. येणारा-जाणारा म्हणे, बाई फार दुःखी होती. कुणी म्हणे, डोकं फिरलं होतं. काकांना ते ऐकवेना.

"उद्या पाहुणे येताहेत. ओठ तेवढे हसरे कर," काका म्हणाले. समोर काका-मावशीचा जुना फोटो टांगलेला होता. "हा बघून काढ. तेव्हाही हसत नव्हती. दटावलं, मग हसली."

काका झोपायला गेले.

रात्रीचे साडेअकरा. मास्तरांनी फोटो पाहिला आणि चित्रातल्या रेघेचं डावं टोक वर उचललं. उजव्यासाठी पुन्हा फोटोकडे वळले.

फोटोतल्या मावशीच्या ओठांचं डावं टोक... खाली आलं होतं.

मास्तरांनी डोळे चोळले. भास असेल. उजवं टोकही रंगवलं. वळले.

फोटोतलं हसू गेलं होतं.

घर गप्प. घड्याळसुद्धा...

मास्तर चित्राकडे वळले. आता कुठे त्यांनी ते चित्र नीट पाहिलं. तो मोठा डोळा रडत नव्हता. रोखून बघत होता.

"चुकलो, मावशी."

ओला रंग पुसला. खालची काळी रेघ जशीच्या तशी.

चाहूल लागून काका बाहेर आले. "पुसलंस?"

"ती दुःखी नव्हती, काका. वेडीही नव्हती. ती नाही म्हणत होती. आता मीही नाही म्हणतो."

"घर माझं आहे!"

"चेहरा तिचा आहे."

काकांनी तोंड उघडलं. नजर फोटोवर गेली...

मागच्या पावली ते आपल्या खोलीत गेले.

चित्र आजही दिवाणखान्यात आहे, हिरव्या चेहऱ्यासकट. फोटोही मी स्वतः पाहिलाय. काचेवर जुनी धूळ, मागचे खिळे गंजलेले, कुणी उघडलेला नाही. काका छान हसताहेत.

शेजारी मावशी... ओठ मिटलेले. सरळ.